वळू, सांडणी आणि मनूचा निवाडा

पोळ्याच्या दिवशी बालाघाट जिल्ह्यातल्या किरनापूर, लांजी, हट्टा या पट्ट्यात ज्याच्या शिंगांना रंग लागतो, पाठीवर झूल पडते आणि ज्याला घरची बाई ओवाळते, तो नर असतो आणि नसतोही. बैल जुंपण्याआधी खच्ची केलेला असतो. त्याने औत ओढायचं, धानाच्या बांधीत चिखलणी करायची, पेंढ्या घरी आणायच्या. गाय फळवणं हे त्याचं काम नाही. ते काम करणाऱ्या वळूला, म्हणजे या भागातल्या सांडाला, पोळ्याच्या रांगेत जागा नसते. धर्माने त्याची सोय दुसरीकडे लावून दिली आहे. दगडाचा होऊन तो महादेवासमोर बसतो, आणि हाडामांसाचा असेल तर मेलेल्या माणसाच्या नावाने मोकळा सोडला जातो.

या सोडण्याला वृषोत्सर्ग म्हणतात. मृत्यूनंतर अकराव्या दिवशी तरुण, अव्यंग वळू निवडायचा, त्याच्या अंगावर त्रिशूळ आणि चक्राची खूण डागायची, सोबत कालवडी द्यायच्या आणि त्याला मोकळं करायचं. तिथून पुढे तो कुणाचाच नसतो. त्याला जुंपायचं नाही, मारायचं नाही. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या विधीचे तपशील दिले आहेत. गरुडपुराण तर हा विधी झाला नाही तर प्रेताची सुटका कठीण, असं बजावतं. पुरोहिताला यातून काय मिळत असेल ते असो. गावाला काय मिळत होतं ते उघड आहे. कुणा एका घराच्या खर्चाने निवडलेला चांगला सांड सगळ्या गावाच्या गायींना उपलब्ध व्हायचा.

हा मुलूख तसा गायी-बैलांच्या बाबतीत चोखंदळच. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, सिवनी, बालाघाट हा गवळाऊ जातीचा मूळ टापू. पांढुरका-राखी रंग, लांबट डोकं, हलकं अंग आणि दौडीला तयार पाय. मराठा फौजांच्या रसदीसाठी ही जात जोपासली गेली, असं पशुपैदाशीचे ग्रंथ सांगतात. 1941 मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्याला गोसेवा संघाचं काम हाती घेतलं तेव्हा गवळाऊची सुधारणा हा त्यातला एक विषय होता. 1956 पर्यंत बालाघाट आणि वर्धा दोन्ही नागपूरहून चालणाऱ्या एकाच प्रांतात होते. आज बाघ नदी ओलांडली की गोंदिया जिल्हा आणि महाराष्ट्र लागतो. पोवारी, मराठी, हिंदी, गोंडी या बोली मात्र ती हद्द फारशी मानत नाहीत. गायींच्या जातीही मानत नाहीत.

मोकळ्या सोडलेल्या या सांडाबद्दल प्रश्न पडतो तो असा: नर नेमकं काय देतो? आणि जे देतो त्यावर त्याचा हक्क किती?

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात या प्रश्नावर निवाडा आहे, आणि उदाहरण वळूचंच आहे. एखाद्याच्या वळूने दुसऱ्यांच्या गायींपासून शंभर वासरं जन्माला घातली तरी वासरं गायवाल्यांची. वळूचं रेत वाया गेलं असं समजावं. त्याच्या जरा आधी एक यादी येते. गाय, घोडी, सांडणी, दासी, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या पोटी संतती निर्माण करणाऱ्याला त्या संततीवर हक्क नाही. यादीत जनावरांच्या मधोमध दासी बसवली आहे. स्मृतिकाराला तिथे काहीच खटकलेलं नाही. वृषोत्सर्गाचा हिशेब या निवाड्याशी जोडून पाहिला तर वाटणी अशी होते: वासरू गायवाल्याला, पुण्य मेलेल्याला आणि वळूला काही नाही.

गंमत म्हणजे त्याच अध्यायात, थोडं आधी, बीज हे क्षेत्रापेक्षा, म्हणजे जमिनीपेक्षा आणि ओघाने बाईपेक्षा, श्रेष्ठ असं ठासून सांगितलं आहे. एकाच जमिनीत वेगवेगळी बीजं पेरली तर प्रत्येक आपल्या जातीचंच उगवतं, हा त्याचा पुरावा. म्हणजे रूप बीजाचं, मालकी क्षेत्रवाल्याची. महाभारताची सगळी वंशकथा या फटीवर उभी आहे. विचित्रवीर्य निपुत्रिक मेला, व्यासांनी बीज दिलं, आणि धृतराष्ट्र-पंडू विचित्रवीर्याचे पुत्र ठरले. व्यासांची गत तिथे मनूच्या वळूसारखीच झाली. नियोगाची, म्हणजे दुसऱ्या पुरुषाकडून संतती मिळवण्याची, ही चाल मनुस्मृतीत आधी नियमांसह सांगितली आहे आणि पुढच्याच काही श्लोकांत पशुधर्म म्हणून निंदली आहे. हा गोंधळ लेखनिकाचा नाही. प्रश्नच असा आहे की त्याला एक उत्तर पुरत नाही.

बीज आणि क्षेत्र हे रूपक पुढे अध्यात्मातही शिरलं. गीतेच्या चौदाव्या अध्यायात कृष्ण स्वतःला बीज देणारा पिता म्हणवतो. (मराठी संतांनी मात्र देवाला बेधडक माउली करून टाकलं, आणि कमरेवर हात ठेवलेला विठोबा वारकऱ्यांची विठाई झाला. तत्त्वज्ञानाच्या चौकटीत हे कुठे बसतं याची फिकीर त्यांनी केलेली दिसत नाही.)

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. त्याच्या मते द्रव्य सगळं मादीचं. नर देतो ती गती आणि आकार. सुतार लाकूड घडवतो पण सुतारातलं काही लाकडात जात नाही, तसं नराच्या रेतातलं काहीही गर्भाच्या शरीराचा भाग होत नाही, असं त्याने प्राण्यांच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथात मांडलं. आपल्याकडे सुश्रुत जास्त सावध होता. शारीरस्थानात तो अंकुर फुटण्याला चार गोष्टी लागतात म्हणतो: ऋतू, क्षेत्र, अंबू म्हणजे पाणी, आणि बीज. चारांतलं एक नसलं तरी काम अडतं. धर्मशास्त्राने यातली दोनच उचलली आणि त्यांवर हक्काचे खटले चालवले. ऋतू आणि पाणी यांच्यावर कुणी दावा सांगितल्याचं ऐकिवात नाही, म्हणून कदाचित ते मागे पडले.

युरोपात पुढे हेच घडलं, फक्त सूक्ष्मदर्शकाच्या साक्षीने. 1677 मध्ये लेवेनहूकने वीर्यात वळवळणारे जंतू पाहिले आणि काहींना वाटलं, बीज सापडलं. 1694 मध्ये हार्टसोकरने शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाचं चित्रच काढून टाकलं. अठराव्या शतकात लाझारो स्पालान्झानी या इटालियन धर्मगुरूने बेडकांना कापडी चड्ड्या घालून पाहिल्या. मग वीर्य गाळण कागदातून गाळलं. खाली उतरलेल्या पाण्याने अंडी फळत नाहीत, कागदावर राहिलेल्या गाळाने फळतात, हे त्याला दिसलं. गंमत अशी की स्वतः स्पालान्झानीला याचा अर्थ नीट लागला नाही, कारण सगळा जीव अंड्यातच आधीपासून असतो असं तो मानत होता. पण प्रयोगाने एक निकाल लावला, तो पुढे जवळपास दोनशे वर्षं टिकला: कामाचा तो गाळ, बाकीचं नुसतं पाणी.

त्या पाण्याची गोष्ट इटलीतच, तुरीनमध्ये सुरू होते, पण वीर्याशी तिचा सुरुवातीला काही संबंध नव्हता.

रिटा लेवी-मोंताल्चिनी 1909 मध्ये तुरीनच्या ज्यू कुटुंबात जन्मली. बाईने व्यवसायात पडलं तर बायको आणि आई म्हणून तिची कर्तव्यं मागे पडतात, असं वडिलांचं मत. म्हणजे पुन्हा क्षेत्र. तिने ते मत वळवून वैद्यकाचं शिक्षण घेतलं आणि लग्न केलं नाही. 1938 च्या वंशकायद्यांनी ज्यूंना विद्यापीठाची दारं बंद केली, तेव्हा तिने झोपण्याच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणकामाच्या सुया घासून हत्यारं केली आणि कोंबडीच्या गर्भातले मज्जातंतू ती पाहू लागली. बाँबवर्षावामुळे कुटुंब खेड्यात गेलं, तेव्हा ‘मुलांसाठी’ म्हणून ती शेतकऱ्यांकडून फळलेली अंडी मागून आणायची. गर्भ काढून घेतल्यावर उरलेलं अंडं घरात खाल्लं जायचं.

युद्धानंतर ती अमेरिकेत सेंट लुईसला व्हिक्टर हॅम्बर्गरकडे गेली. उंदराची एक गाठ कोंबडीच्या गर्भात लावली तर मज्जातंतू तिच्याकडे झुंडीने वाढत जातात, असं दिसत होतं. 1952 मध्ये गाठ झालेले दोन उंदीर सोबत घेऊन ती विमानाने रिओ दि जानेरोला गेली. तिथे काचेच्या तबकडीत मज्जागुच्छाभोवती काही तासांत तंतूंची प्रभावळ उमटलेली तिला दिसली. गाठीतून काहीतरी झिरपत होतं. ते शोधायचं काम स्टॅन्ले कोहेनकडे आलं. अर्कातली न्यूक्लिक आम्लं मोडण्यासाठी त्याने सापाचं विष वापरलं, तर परिणाम कमी व्हायच्या ऐवजी भलताच वाढला. ते द्रव्य विषातच होतं, आणि गाठीपेक्षा कितीतरी जास्त. मग सापाची विषग्रंथी ही शेवटी लाळग्रंथीच, या तर्काने उंदराची लाळग्रंथी तपासली गेली आणि तिथे तर खाणच लागली. त्यातही नर उंदरात मादीपेक्षा खूप जास्त. उंदीर खच्ची केला की साठा घटतो, नराचं संप्रेरक दिलं की पुन्हा भरतो.

हेच ते मज्जातंतू वाढवणारं प्रथिन, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, शास्त्रज्ञांच्या तोंडी एनजीएफ. 1986 मध्ये लेवी-मोंताल्चिनी आणि कोहेन यांना त्यासाठी नोबेल मिळालं. (बैल खच्ची करायचा जो बर्डिझो चिमटा भारतातल्या पशुदवाखान्यांत असतो, तो मूळचा तुरीनच्याच पीडमाँट प्रांतातला. योगायोगाला अर्थ नसतो, पण तो नोंदवायला हरकत नाही.)

1979 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात बातमी आली की गिनीपिगच्या प्रोस्टेट ग्रंथीत हे प्रथिन प्रचंड आहे. पाठोपाठ 1980 मध्ये हार्पर आणि थोनेन यांनी निरनिराळ्या सस्तन प्राण्यांच्या नर-अवयवांत त्याचा शोध घेतला. गिनीपिग, ससा आणि वळू यांच्यात ते भरपूर सापडलं; वळूच्या शुक्राशयात आणि वीर्यातही. सगळ्याच प्राण्यांत मात्र नाही. काहींच्या त्याच ग्रंथीत त्याचा मागमूसही लागेना. कोडं इथे होतं. मज्जातंतू ज्या अवयवाकडे ओढायचे त्या अवयवाने हे प्रथिन थोडंसं बनवावं, हे समजण्यासारखं आहे. पण इथला साठा त्या ग्रंथीतल्या तंतूंच्या गरजेपेक्षा अफाट मोठा होता, आणि तो शरीरात वापरला न जाता बाहेर टाकल्या जाणाऱ्या द्रवात मिसळत होता. मज्जातंतू वाढवणाऱ्या पदार्थाचं वीर्यात काय काम? स्पालान्झानीच्या गाळणीतून उतरलेलं पाणी नुसतं पाणी नव्हतं एवढंच तोवर कळलं होतं.

उत्तर सांडणीने दिलं. मनूच्या यादीत जी गायीच्या रांगेत उभी आहे तीच.

गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते आणि वळू असो-नसो, तिचं स्त्रीबीज ठरल्या वेळी सुटतं. बाईचंही तसंच, महिन्याच्या हिशेबाने. उंटाच्या कुळात ही घडी नाही. सांडणीच्या अंडाशयात बीजकोश पिकून तयार असतो, पण समागम झाल्याशिवाय बीज सुटत नाही. ससा आणि मांजर यांच्यातही समागमानेच सुटतं, आणि तिथे घर्षणाने उठलेली संवेदना मेंदूपर्यंत जाते म्हणून, असं मानलं जायचं. उंटांचंही तसंच असेल असं सर्वांनी गृहीत धरलं. 1985 मध्ये चिनी संशोधकांनी दोन मदारींच्या सांडणीत फक्त वीर्याने, समागमाशिवाय, बीज सुटतं हे दाखवलं. पुढे कॅनडातल्या सास्काचेवान विद्यापीठात ग्रेग ॲडम्स, मार्सेलो रात्तो आणि सहकाऱ्यांनी उंटाच्या दक्षिण अमेरिकी भावंडांवर, लामा आणि अल्पाकावर, प्रयोग केले. शुक्रजंतू काढून टाकलेला वीर्यद्रव मादीच्या मांडीच्या स्नायूत इंजेक्शनने दिला. जननमार्गाला हात नाही, घर्षण नाही, बीज तर मुळीच नाही. जवळजवळ सगळ्या माद्यांत स्त्रीबीज सुटलं. मीठपाणी टोचलेल्यांत नाही. वळूच्या वीर्यद्रवानेही काही लामांमध्ये तेच घडवलं. 2012 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात त्यांनी त्या द्रवातल्या कर्त्याचं नाव जाहीर केलं: तेच प्रथिन, एनजीएफ. तीस वर्षं अडकलेलं कोडं निदान उंटकुळापुरतं सुटलं.

आता यात तत्त्वज्ञानाला काय मिळतं ते पाहू.

पहिली गोष्ट: नर जे देतो ते सगळं बीज नसतं. उंटाच्या वीर्यातला हा भाग पिल्लाच्या शरीरात वारसा म्हणून उतरत नाही. रक्तातून तो मादीच्या मेंदूशी संबंधित यंत्रणेपर्यंत पोचतो, काम करतो आणि मोडून जातो. या एका प्रथिनापुरता ॲरिस्टॉटलचा सुतार बरोबर निघाला, जरी शुक्रजंतूच्या बाबतीत तो साफ चुकला. दुसरी गोष्ट ॲरिस्टॉटलला आवडली नसती. हे प्रथिन स्वतः बीज सोडवत नाही. मादीच्या मेंदूतलं हायपोथॅलॅमस हुकूम देतं, तिची पियुषिका ग्रंथी संप्रेरक सोडते आणि मग तिचं अंडाशय बीज मोकळं करतं. तो हुकूम मधेच औषधाने अडवला तर वीर्यद्रव कितीही टोचा, काही होत नाही. बीजकोश पिकलेला नसेल तरीही होत नाही. प्रथिन दार ठोठावतं. कडी आतून असते.

म्हणजे क्षेत्र पडून राहिलेलं नाही. ते ऐकतं, तपासतं आणि तयार असेल तर उत्तर देतं. सुश्रुताचा ऋतू सांडणीत नराच्या पाण्यातून येतो आणि मादीच्या मेंदूतून ठरतो. बीज, क्षेत्र, ऋतू, पाणी यांच्या चार वेगळ्या रकान्यांत हे बसवता येत नाही. मनूच्या यादीत गाय आणि सांडणी एका ओळीत आहेत, निसर्गाने मात्र त्यांना एका नियमात ठेवलेलं नाही, आणि ज्या पंडितांनी जमिनीवरून जनावर आणि जनावरावरून बाई असा तर्क चालवला, त्यांचा पायाच इथे भुसभुशीत निघतो. गायीत या प्रथिनामुळे बीज सुटत नाही. नंतर तयार होणाऱ्या पीतपिंडावर त्याचा थोडा परिणाम होत असावा, असं काही प्रयोग सुचवतात. कच्छहून मेंढरं घेऊन विदर्भात उतरणाऱ्या रबाऱ्यांच्या सांडण्या आणि गवळाऊ गाय एकाच रस्त्याने जाताना दिसतात. एकीला नराच्या संदेशाशिवाय ऋतू नाही, दुसरीला त्याची गरज नाही.

या भागात गायीचा वळूशी संबंधही आता क्वचितच येतो. 1939 मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपत कुमारन यांनी भारतातलं पहिलं कृत्रिम रेतन केलं. आज गावात बातमी जाते की गाय माजावर आली, आणि गोसेवक मोटारसायकलला डबा बांधून येतो. त्यात उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये पाव मिलिलिटरची नळी असते, आणि नळीत साधारण 2 कोटी शुक्रजंतू. मूळ वीर्यद्रव तिथे इतका पातळ केलेला असतो की तो नावापुरताच. स्पालान्झानीचा गाळच या नळीत राज्य करतो, आणि गायीला तो पुरतोही. उंटाला पुरत नाही. उंटाच्या कृत्रिम रेतनात बीज सुटण्यासाठी वेगळं संप्रेरक टोचावं लागतं. सशांच्या व्यापारी पैदाशीतही तेच करतात. नुसतं बीज मोजून चालत नाही हे तिथल्या माणसांना तत्त्वज्ञान न वाचता कळलेलं आहे.

नळीची पुढची पायरी अशी की आता त्यातल्या शुक्रजंतूंतून नर वासराचे जंतू वेगळे काढता येतात. मध्य प्रदेशातही भोपाळच्या भदभदा केंद्रात अशा लिंगनिवडीच्या नळ्या तयार होतात, आणि त्या वापरल्या की दहातली नऊ वासरं कालवडी होतात. ट्रॅक्टर आला, गोऱ्हा नकोसा झाला. ज्याच्या दगडी मूर्तीच्या शिंगांमधून महादेवाचं दर्शन घेतात तो जन्मालाच येऊ नये, अशी ही व्यवस्था. धर्माच्या नावाने गायीवर एवढं बोललं जातं, पण यावर कुणी प्रवचन केलेलं दिसत नाही.

इथे एक सापळा आहे, त्याची दखल घेतलीच पाहिजे. ‘वीर्यात मेंदूचं पोषण करणारं द्रव्य सापडलं’ असा मथळा कुणी केला तर त्याला शब्दशः खोटं ठरवता येणार नाही, आणि तरी त्यातून निघणारा निष्कर्ष पूर्ण खोटा असेल. आयुर्वेदात सात धातूंच्या क्रमात मज्जेनंतर शुक्र येतं. ऊर्ध्वरेत्याचं तेज मस्तकी चढतं ही कल्पना योगी-बैराग्यांत जुनी आहे. तिच्यापासून ‘चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब’ सांगणाऱ्या भिंतीवरच्या जाहिरातींपर्यंत रस्ता सरळ जातो. या भीतीने खंगणाऱ्या तरुणांच्या आजाराला मनोविकारतज्ज्ञ नरेंद्र नाथ विग यांनी 1960 मध्ये ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. या प्रथिनाने त्या भीतीला काडीचाही आधार मिळत नाही. ते साठवून ठेवणाऱ्याच्या मेंदूला मिळावं म्हणून नाही, बाहेर जाऊन दुसऱ्या शरीराशी बोलावं म्हणून वीर्यात येतं. आणि ज्या मेंदूवर ते काम करतं तो उंटाच्या मादीचा असतो.

मराठीत ही लढाई र. धों. कर्वे यांनी एकट्याने लढली. गणिताचा हा प्राध्यापक, 1921 पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवणारा. त्या प्रचारापायी त्यांनी नोकरी गमावली, आणि 1927 च्या जुलैपासून 1953 मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. ब्रह्मचर्याने शक्ती वाढते या समजुतीवर ते पुरावा मागत, आणि समोर गांधीजी असले तरी मागत. 1934 च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, खटला हरले. कर्व्यांच्या हयातीत हे प्रथिन नुकतंच कुठे रिओच्या तबकडीत दिसू लागलं होतं. वीर्य हा एक स्राव आहे, त्याची पूजा नको आणि भीतीही नको, हे सांगायला त्यांना त्याची गरज पडली नव्हती.

पण विज्ञानाने रूपक मोडलं म्हणून हक्काचा प्रश्न सुटतो का? या प्रश्नाचं सगळ्यांत धारदार उत्तर बालाघाटशी नातं असलेल्या एका घरातून आलं आहे. ध्रुपद-धमाराच्या जाणकार गायिका सुमती मुटाटकर यांचा जन्म 1916 मध्ये बालाघाटचा. माहेरचं आडनाव आंबर्डेकर. त्यांची धाकटी बहीण लीला, पुढे मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे. त्यांनी छत्तीसगडच्या गोंड स्त्रियांवर संशोधन केलं, सागर विद्यापीठात शिकवलं, आणि 1986 मध्ये बीज आणि भूमी या रूपकावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं की हे रूपक बायांना नुसतं जड ठरवत नाही. ते त्यांना मालकीच्या बाहेर काढतं. बीज श्रेष्ठ म्हटलं तर मूल बापाचं. क्षेत्र श्रेष्ठ म्हटलं तरी मूल क्षेत्राच्या मालकाचं, आणि तो मालकही पुरुषच. विचित्रवीर्याच्या बाबतीत क्षेत्र जिंकलं, पण त्याच्या राण्या अंबिका आणि अंबालिका जिंकल्या नाहीत. मनूच्या निवाड्यात वासरू गायवाल्याला मिळतं, गायीला नाही.

लीला दुबे यांच्याजवळ याचा उलटा दाखलाही होता. लक्षद्वीपच्या कल्पेनी बेटावर त्यांनी अभ्यास केला तो मातृवंशीय मुसलमानांचा. 1969 मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. तिथे धर्म इस्लाम, पण घर, नाव आणि मालमत्ता आईच्या वंशाने चालते. बीज तसंच, क्षेत्र तसंच, शरीरातली रसायनंही तीच, आणि मूल आईच्या घराचं. शरीरात काय घडतं यावरून मूल कुणाचं हे ठरत असतं, तर कल्पेनीत आणि किरनापुरात ते एकाच रीतीने ठरलं असतं.

म्हणून सांडणीच्या प्रथिनाला न्यायाधीश करण्यात अर्थ नाही. त्याचं काम मर्यादित, पण मोलाचं आहे: ‘निसर्गच असा आहे’ म्हणून जो युक्तिवाद केला जात होता, त्यातला निसर्ग चुकीचा होता, हे ते दाखवतं. निवाडा माणसांनी दिला होता आणि तो माणसांनाच बदलावा लागतो, कलमा-कलमाने. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्यानंतर आई आली. 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ ‘त्याच्या मृत्यूनंतर’ एवढाच घ्यायचा नाही, तो नसेल तिथेही आई पालक आहे, असा लावला. कायद्यातला शब्द होता तसाच राहिला, वाचन बदललं.

महाराष्ट्राने 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असा क्रम सरकारी कागदपत्रांसाठी ठरवला. बाघ नदीच्या पलीकडे गोंदिया जिल्ह्यात तो लागू आहे, अलीकडे किरनापूरला नाही. सोयरिकी दोन्ही काठांवर होतात, त्यामुळे पोर पलीकडे आमगावच्या शाळेत घातलं तर दाखल्यावर आईचं नाव लावावं लागेल, आणि किरनापूरच्या शाळेत घातलं तर तिथला जुनाच रिवाज.